चार दिवसांच्या गोळ्या आणि बटणांचा डबा

पँट शिवताना मास्तर आतून कापड जास्त सोडायचे. कंबरेला मागच्या शिवणीत दोन बोटं, मांडीला एक, खाली घडीत चार. आत दडवलेल्या या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात, आणि तिच्या बाबतीत मास्तरांचा हात फार सैल. माणूस आज काडीसारखा असला तरी उद्या त्याचं लग्न होणार, परवा बढती मिळणार, मग खुर्चीत बसून बसून तो पसरणार. तेव्हा नवी पँट कशाला शिवायची? आतली माया उसवायची, टीप बाहेर सरकवायची, झालं काम.

गिऱ्हाईक ओशाळून यायचं आणि म्हणायचं, "मास्तर, धुवून जरा आटली वाटतं."

मास्तर गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हो, या कापडाला ती खोडच आहे." आणि दीड बोट सोडून द्यायचे. कापडाची बदनामी झाली तर झाली, माणसाची नको.

मास्तरांचं वय चौऱ्याहत्तर. घराची पुढची खोली हेच दुकान. एक पायमशीन, कापायचं लांब टेबल, आणि भिंतीला एक आरसा. आरशाचा खालचा पारा उडालेला होता, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपले पाय कायम धुक्यात दिसायचे. मागे स्वयंपाकघर, वर मुलगा आणि सून. मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची, आणि काकू गल्लीला सोडून फक्त मास्तरांना ओरडायच्या.

पन्नास वर्षांत आपली कात्री एकदाही चुकली नाही असं मास्तर सांगायचे. काकू आतून म्हणायच्या, "दोनदा चुकली आहे. दोन्ही वेळा मी तिथेच होते."

तिसऱ्यांदा चुकली तेव्हाही त्या तिथेच होत्या. चहाचा कप घेऊन उभ्या. मास्तर एक राखाडी कापड कापत होते. गुडघ्यापर्यंत कात्री खडूच्या रेघेवरून सरळ चालली होती, आणि मग ती भलतीकडेच वळली, एखादं जनावर चुकीच्या गोठ्यात शिरावं तशी. काकू म्हणाल्या, "अहो, कुठे चाललात?" मास्तर कुठेच चालले नव्हते. ते हळूहळू टेबलाखाली चालले होते.

गेले महिनाभर त्यांना जिना चढताना धाप लागत होती. तोंड पांढरंफटक झालं होतं. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण ते कोण कोणाला सांगतो? मास्तर म्हणाले असते, वय झालं. दवाखान्यात रक्त तपासलं तर अंगात निम्मंच रक्त उरलेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं, घशातून नळी घालून पोट आतून बघितलं, आणि मास्तर पोटाच्या डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आवाज गोड, पण डोळे कापड तपासणाऱ्या व्यापाऱ्याचे. त्या म्हणाल्या, "आजोबा, घरात ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून आणा असं सांगितलं होतं. आणल्यात?"

मास्तरांना आजोबा म्हटलेलं आवडलं नाही, पण त्यांनी पिशवी पुढे केली. रक्तदाबाची गोळी, चरबीची गोळी, एक खोकल्याची बाटली, जिच्यावरचं नाव पुसून गेलं होतं.

"बस एवढंच?"

"बस."

काकूंनी आपल्या पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "आणि या? मशीनच्या खणातल्या?"

मास्तरांनी बायकोकडे असं बघितलं, जसं साक्षीदार फुटल्यावर वकील बघतो. "त्या काय औषध आहेत का? गुडघ्याला लागतात. मशीनला तेल लागतं तसं."

"रोज किती तेल घालता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक. कधी दोन."

"किती वर्षं?"

मास्तर छताकडे बघायला लागले. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पोटाच्या खालच्या तोंडाशी, आतडं सुरू होतं तिथे जखम आहे. पोटात एक जंतू आहे, बहुतेक लहानपणापासूनच मुक्कामाला असेल. तो आतलं अस्तर कुरतडतो. वरून या गुडघ्याच्या गोळ्या पडल्या, त्यांनी तेच अस्तर विरवलं. दोघांनी मिळून भोक पाडलं आणि तिथून रक्त झिरपत राहिलं.

अस्तर म्हटल्यावर मास्तरांना सगळं लख्ख कळलं. "पण मग दुखलं कसं नाही?"

"वय झालं की पोट ओरडत नाही, नुसतं कुरकुरतं. आणि ती कुरकुर तुम्ही याच गोळ्यांनी दाबली. म्हाताऱ्या माणसांचं हे नेहमीचं आहे. पोट दुखत नाही म्हणून कोणी येत नाही, आणि येतात तेव्हा असे आडवे होऊन येतात."

गुडघ्याच्या गोळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या. त्यांच्याऐवजी साधी तापाची गोळी आणि शेक. "आणि मशीनला मोटर बसवून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मोटर बसवली की मशीन मला चालवणार," मास्तर म्हणाले. "मी मशीनला चालवतो."

जंतूसाठी तीन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. तेवढे दिवस चरबीची गोळी थांबवायची, कारण यातल्या एकीशी तिचं पटत नाही. "चौदा म्हणजे चौदा," डॉक्टरीणबाई बोट नाचवत म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना अशीच मान डोलावली होती, शनिवारी नक्की म्हणून.

दहा दिवस मास्तरांनी औषध अगदी घड्याळ लावून घेतलं. आठव्या दिवशी भूक लागली. नवव्या दिवशी ते जिना चढून वर गेले आणि सुनेला म्हणाले, "काही नाही, सहज आलो." दहाव्या दिवशी गालावर रंग आला. आणि दहाव्याच दिवशी, हातात उरलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन ते टेबलाशी बसले आणि विचार करायला लागले.

काम तर झालं होतं. पोट शांत झालं होतं. मग हे चार दिवस उगाच संपवून टाकायचे? कुठलीही गोष्ट अगदी काठापर्यंत वापरून टाकायची म्हटलं की मास्तरांच्या अंगावर काटा यायचा. काठापर्यंत कापलेल्या कापडाला पुढे काही भवितव्यच राहत नाही. उद्या परत पोट बिघडलं तर? किंवा हिलाच काही झालं तर? हल्ली जेवल्यावर काकू ढेकर देत आणि त्याचा दोष डाळीला देत. घरात थोडं शिल्लक असावं.

त्यांनी फळीवरून बटणांचा डबा काढला. त्यात कोटाची मोठी बटणं वर होती. ती बाजूला करून त्यांनी चार दिवसांच्या गोळ्या तळाशी ठेवल्या आणि वर बटणं पसरली. काकूंनी विचारलं, "संपल्या का गोळ्या?" तेव्हा ते म्हणाले, "संपल्या." ते खोटं बोलताहेत असं त्यांना मुळीच वाटलं नाही. त्यांच्या हिशेबी त्या खरंच आता औषधात नव्हत्या, शिवणीच्या आत होत्या.

दोन महिन्यांनी श्वासाची तपासणी झाली. आधी औषध घातलेलं पाणी प्यायला देतात, मग अर्ध्या तासानं एका पिशवीत फुंकायला लावतात. फुंकरीवरून पोटातला जंतू आहे की गेला ते कळतं. मास्तरांनी छाती भरून फुंकलं, वाढदिवसाचा फुगा असल्यासारखं. आणि जंतू निघाला. म्हणजे गेला नाही, सापडला.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. "गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या ना?"

"एकूण एक," मास्तर म्हणाले. शेजारी काकूंनीही मान हलवली, बिचाऱ्यांना जे सांगितलं होतं त्यावर. मुलगा मागे उभा होता.

"मग या जंतूवर ते औषध चालतच नसणार. परत नळी घालू. तुकडा काढून, जंतू वाढवून बघू की कुठलं औषध त्याला लागतं. थोडं लांबेल, पण करावं लागेल."

नळी म्हटल्यावर मास्तरांचा हात आपोआप गळ्यावर गेला.

बाहेर आल्यावर मुलगा पायरीवरच थांबला. तो मुळात कमी बोलायचा. हे त्यानं रात्रभर घोकून आणलेलं दिसत होतं. "बाबा, आता बास. दिवसभर तुम्ही दुकानात एकटे. पोटात ती जखम आणि हातात कात्री. त्या दिवशी आई चहा घेऊन आली म्हणून. नसती आली तर?"

"पण आली ना?"

"पुढची तपासणी स्वच्छ आली तर दुकान तुमचं. नाही आली तर शटर खाली, आणि मशीन माळ्यावर. मी बोललो."

"बोललास खरा," मास्तर म्हणाले. एरवी त्यांनी मुलाला दोन शब्द सुनावले असते. आज त्यांच्या डोळ्यांसमोर माळाच उभा राहिला. माळ्यावर काय काय जातं ते त्यांना माहीत होतं. फुटका पाळणा, तुटका पंखा, जुनी ट्रंक. माळ्यावरून परत खाली आलेलं त्यांनी काही बघितलं नव्हतं.

आठवडा असाच गेला. मास्तर शिवत होते. नळीची तारीख अजून यायची होती. मग एका सकाळी शाळेतले गणिताचे सर आले. अंगानं ऐसपैस, स्वभावानं घाबरट. त्यांनी काखेतली पँट टेबलावर टाकली.

"मास्तर, तुमच्यासारख्यांची शिवण उसवावी म्हणजे काय! वर्गात खडू उचलायला वाकलो आणि टर्रकन आवाज. पोरं अजून हसताहेत."

मास्तरांनी पँट उलटी केली. मागची शिवण उजेडात धरली. मग चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि परत धरली. आपली जुनी टीप कुठे होती ते कापडावर दिसत होतं. सुईची बारीक भोकं, मुंग्यांच्या रांगेसारखी, ओळीनं. टीप निघून गेली तरी भोकं कुठे जातात? आणि त्या ओळीच्या बाहेर दुसऱ्याच दोऱ्याचे मोठे मोठे हातटाके होते, एक इकडे, एक तिकडे.

"सर, याला घरी कोणी हात लावला?"

"छे हो! कोण लावणार?"

"मी रागावत नाही. पण खरं सांगा."

"मास्तर, तुमच्या गळ्याची शपथ."

"माझा गळा कशाला? तुमचा आहे की." मास्तरांनी पँट खाली ठेवली. "हे बघा सर. तुम्ही सांगितलं नाहीत तर मला काय वाटेल? की माझाच दोरा कच्चा निघाला. मग मी जाड दोरा घेईन, जाड सुई घेईन. ते या पातळ कापडाला सोसणार नाही आणि ते भलतीकडेच फाटेल. नेमकं काय झालं ते कळल्याशिवाय दुरुस्त कसं करायचं हो माणसानं? मी काय कापडाच्या पोटात शिरून बघू?"

सरांची मान खाली गेली. "मोबाईलवर बघून केलं. त्यात त्या बाई पाच मिनिटांत करतात. मला दोन तास लागले. तुमच्याकडे यायची लाज वाटली. तिसऱ्यांदा सैल करायची पाळी ना."

"अहो, लाज कसली! या कापडाला खोड असते..." मास्तर सवयीनं म्हणायला लागले, आणि मध्येच थांबले. त्यांचा हात दोऱ्याच्या रिळावर होता तो तिथेच राहिला. आपण आत्ता काय बोललो, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं. जाड दोरा, जाड सुई, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची ती आठी.

सर म्हणाले, "काय झालं मास्तर? चक्कर येतेय का?"

"नाही. पँट परवा घेऊन जा. आणि त्या मोबाईलवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

सर गेले तसं मास्तरांनी भर सकाळी शटर अर्धं ओढलं. फळीवरून डबा काढला आणि आत हाक मारली, "अगं, चप्पल घाल. डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

काकू हात पुसत आल्या. "आज? नंबर कुठे लावलाय? आणि बटणांचा डबा कशाला? त्यांच्या कोटाचं बटण तुटलंय का?"

"चल म्हटलं ना. दुरुस्तीच्या कामाला नंबर लागत नाही."

पण लागत होता. दोन तास ते बाकावर बसून राहिले, मास्तर मांडीवर डबा घेऊन आणि काकू विचारून विचारून दमून. शेवटी आत गेल्यावर मास्तरांनी डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं.

"बटणं?"

"खाली बघा."

त्यांनी दोन बोटांनी बटणं सारली. तळाशी चंदेरी पाकिटं चमकली. मग काकू म्हणाल्या, "अहो!" एवढंच. पण या एका अक्षरजोडीत काकू काय काय भरू शकतात ते मास्तरांना माहीत होतं, आणि आज त्यांनी काही बाहेर ठेवलं नव्हतं.

"किती दिवसांच्या आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चार."

"का पण?"

मग मास्तरांनी सांगितलं. कंबरेला दोन बोटं, मांडीला एक, खाली चार. माणसाला पुढे लागेल म्हणून आत ठेवायचं, तशाच या गोळ्या, हिलाही कधी लागल्या तर म्हणून. सांगता सांगता त्यांना वाटलं की दुकानात हे किती शहाणपणाचं वाटतं, आणि इथे या पांढऱ्या भिंतींत किती वेड्यासारखं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक मोठं काळं बटण उचललं आणि ते फिरवत म्हणाल्या, "मास्तर." आजोबा नाही, मास्तर. "कापड थांबतं हो. तुम्ही आत ठेवलेली माया दहा वर्षं मुकाट पडून राहते. जंतू थांबत नाहीत. पहिल्या दहा दिवसांत मेले ते नरम. राहिले ते चिवट. तुम्ही त्यांना चार दिवस मोकळे सोडलेत, तेवढ्यात त्यांनी परत संसार थाटला. तुमची माया त्यांनी वापरली."

मास्तरांनी खाली मान घातली, अगदी गणिताच्या सरांसारखी.

"पण बरं झालं सांगितलंत. मी उद्याच नळीची तारीख घेणार होते. आता ती राहू दे. आधी दुसरं औषध देते. मात्र ते सोपं नाही, आधीच सांगते."

नव्हतंच सोपं. चार प्रकार, दिवसातून चार वेळा, चौदा दिवस. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, ताठ बसून. गोळी घेतली की लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती घशातच अडकून जाळते. दुधाबरोबर नाही. रक्त चढवल्यापासून चालू असलेली रक्तवाढीची गोळी तेवढे दिवस बंद. "जीभ काळी होईल, शौचाला काळं होईल, ते औषधानं, घाबरू नका. पण चक्कर आली, घाम सुटला, किंवा पूर्वीसारखं डांबरासारखं चिकट झालं, तर थेट इकडे या. आणि तोंडाला चव लोखंडासारखी येईल."

"सुया तोंडात धरून पन्नास वर्षं गेली," मास्तर म्हणाले. "लोखंड मला नवं नाही."

जुन्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी काढून घेतल्या आणि बटणं मोजल्यासारखी करून परत दिली.

घरी येताना काकू अर्ध्या रस्त्यापर्यंत दोन पावलं पुढेच चालत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी पण ठेवल्या होत्या म्हणालात ते खरं का?"

"तू ढेकर देतेस."

"लोकांचे नवरे कानातले ठेवतात बायकोसाठी, तुम्ही जंतूचं औषध ठेवलंत." असं म्हणून त्या हसल्या, आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

दुकानात आल्यावर मास्तरांनी मापांची वही उघडली आणि गिऱ्हाइकांसारखीच नोंद केली. गिऱ्हाईक: पोट, घरचंच. काम: जंतू काढणे. मुदत: चौदा दिवस. माया: नाही. मग पांढऱ्या कॅनव्हासची एक पट्टी कापून मशीनच्या बाजूला खिळ्यानं ठोकली. एकदा औषध घेतलं की लाल दोऱ्यानं एक टाका. दिवसाला चार, एकूण छप्पन्न. टाका आधी घालायचा नाही, मागाहून भरून काढायचा नाही. आपल्या हातावर मास्तरांचा विश्वास होता. मनावर होता तो मात्र बटणांच्या डब्यात गेला होता.

तिसऱ्या दिवशी सून चहाला खाली आली. सासरे हसले आणि तिनं कपच खाली ठेवला. "बाबा! शाई प्यालात का?"

"औषध आहे ते. अजून बघायची का?" मास्तरांनी जीभ पुरती बाहेर काढली. काळीकुट्ट. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही दाखवली. त्या दिवसापासून पँट वेळेवर का झाली नाही असं विचारणाऱ्याला मास्तर नुसती जीभ दाखवत, आणि तो पुढच्या आठवड्यात यायला कबूल होई.

नवव्या दिवसापर्यंत मात्र मजा संपली होती. तोंडात सदा चावी धरल्यासारखी चव. जेवण बघितलं की मळमळ. गुडघे ठणकत होते, आणि त्यांच्यासाठी खणात आता काही नव्हतं. सुईत दोरा ओवायला तीनदा बसले, तिन्ही वेळा दोरा सुईच्या बाजूनं गेला. दुपारच्या गोळ्या समोर बशीत होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघत म्हणाले, "अगं, आज एक टाका चुकला तर काय होईल?"

काकू आतून म्हणाल्या, "काही नाही. चुकवा. मी माळ्यावर मशीनची जागा झाडायला घेते."

मास्तरांनी गोळ्या घेतल्या. पाणीही पूर्ण प्याले. लाल टाका घातला तो इतका रागानं की कॅनव्हास चुरगळलं.

छप्पन्नावा टाका चौदाव्या संध्याकाळी पडला. सगळे टाके सारख्या लांबीचे, एक नवव्या दिवसाचा सोडून. मास्तर दोऱ्याचं टोक नेहमी थोडं लांब सोडत, पुढे उपयोगी पडतं म्हणून. कात्री त्या अंतरावर गेलीही. मग त्यांनी ती मागे घेतली, गाठ मारली आणि दोरा अगदी मुळाशी कापला.

त्यानंतर महिना नुसता थांबण्याचा होता. शेवटचे दोन आठवडे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळीही बंद, नाहीतर तपासणी फसते. छातीत जळजळ व्हायची. काकूंनी चहा बंद केला, तिखट बंद केलं, मास्तरांच्या ताटात असं काही वाढायच्या की त्याला रंगच नसायचा. मास्तर म्हणाले, "यापेक्षा जंतू बरे होते. निदान जेवू तरी देत." मुलगा समोर बसला होता. त्याच्या ताटातही तेच वाढलेलं होतं आणि ते त्यानं निमूट संपवलं.

तपासणीच्या दिवशी मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला. पिशवीत फुंकलं. या वेळी फुग्यासारखं नाही, हळूच, लहान मुलाच्या डोळ्यातला कण काढताना घालतात तशी फुंकर. मग तिघं बाकावर बसले. मुलानं दोनदा घड्याळ बघितलं. काकूंनी पर्सची चेन उघडून बंद केली, उघडून बंद केली.

डॉक्टरीणबाई स्वतः दारात आल्या. हातात कागद होता. "गेले, मास्तर."

"सगळे?"

"सगळे."

"एकही शिल्लक नाही? आत कुठे घडीत वगैरे?"

"एकही नाही. आता तुम्हीच कुठे जपून ठेवला असेल तर बघा." मग त्यांनी बोट नाचवलं. "आणि ते मशीनचं तेल अजून बंदच. कायमचं."

काकू डोळे पुसत म्हणाल्या की धूळ आहे इथे फार. तिथे धुळीचा कण नव्हता.

घरी आल्यावर मास्तर थेट दुकानात गेले. शटर वर ढकललं. सकाळी खाली ओढताना त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवून घेतला होता, न जाणो म्हणून. ते आता आठवून त्यांना स्वतःचंच हसू आलं. मशीनवरचं फडकं काढताहेत तोवर मुलगा जिन्याखालून एक खोकं घेऊन आला आणि मशीनपाशी खाली बसला. खोक्यात मोटर होती.

"मी नको म्हटलं होतं ना?" मास्तर म्हणाले.

"गुडघ्यांना विचारा. तुम्हाला कोण विचारतंय." मुलगा स्क्रू फिरवत होता. मास्तरांनी खोकं उचललं. त्याच्यावर बोटभर धूळ होती. हे काही आज आणलेलं नव्हतं. काल तर नाहीच. पायरीवर उभं राहून मुलगा 'शटर खाली' म्हणाला होता, त्याच सुमाराला कधीतरी आणून जिन्याखाली दडवलेलं होतं. मास्तरांनी धूळ बाहीनं पुसली आणि खोकं हळूच बाजूला ठेवलं.

मोटर बसली. मुलगा वर गेला, आणि मास्तरांना वाटलं तो आता यायचा नाही. पण तो परत खाली आला. हातात त्याची निळी पँट होती. मास्तरांनीच शिवलेली, लग्नानंतरची. तो ती टेबलावर ठेवून आरशात आपले धुक्यातले पाय बघत राहिला.

"बाबा, ही... धुवून जरा आटलीय वाटतं."

मास्तरांनी पँट उलटी केली. मागच्या शिवणीत दोन बोटं होती, जशीच्या तशी, कोणी हात न लावलेली. त्यांनी टीप उसवायला घेतली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हो. या कापडाला ती खोडच आहे."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "दोन बोटं सोडा. दीडानं भागायचं नाही."